तिकीट आणि तिखट

एसटीत कंडक्टरने तिकीट फाडलं की प्रवासी निर्धास्त होतो. पक्षाने तिकीट कापलं की इच्छुकाच्या दारातली चपलांची रास एका रात्रीत ओसरते. कागदाला विचाराल तर फाडणं काय नि कापणं काय, सारखंच. माणसाचं तसं नाही. एकात गाडीत बसायला मिळतं, दुसऱ्यात गाडी सुटते.

क्रियापदांकडे जरा लक्ष दिलं की आणखी गंमत दिसते. बसचं तिकीट आपण काढतो, नाटकाचं काढतो, रेल्वेचं तर कितीतरी आधी काढून ठेवतो. पक्षाचं तिकीट कोणी 'काढलं' असं मात्र कुणी म्हणत नाही. ते मिळतं, आणलं जातं, वाटलं जातं, खेचून आणलं जातं, नाहीतर कापलं जातं. काढायचं म्हटलं की खिडकी हवी, ठरलेला दर हवा आणि रांगेत पुढे असेल त्याला आधी हा नियम हवा. पक्षाच्या तिकिटाला खिडकी नसते. दराबद्दल इथे काही लिहीत नाही.

आता अंकुशनगरला चला. जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, महाकाळ्याला लागून हे गाव आहे. जायकवाडीचा डावा कालवा या पट्ट्यातून गेला, कालव्यामागून ऊस आला आणि उसामागून समर्थ सहकारी साखर कारखाना. १९९१ साली जालन्यातून लोकसभेवर निवडून गेलेले अंकुशराव टोपे यांचं नाव आज गावालाही आहे आणि कारखान्यालाही. अशा गावाला निवडणुकीचा हंगाम असा वेगळा नसतोच. लोकसभा झाली की विधानसभा, मग झेडपी, मधेच ग्रामपंचायत, सोसायटी, बाजार समिती, जिल्हा बँक आणि सगळ्यांत चुरशीची म्हणजे कारखान्याची. मतदार तेच, चहाच्या टपऱ्याही त्याच. पण लोकसभेला, विधानसभेला आणि झेडपीला जिथे "तिकीट कुणाला?" असा प्रश्न असतो, तिथे कारखान्याच्या निवडणुकीत "पॅनेलमध्ये कोण कोण?" असं विचारतात. तिथे तिकीट हा शब्दच चालत नाही, कारण सहकारी संस्थेची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. खरा पेच पुढे आहे. 'तिकीट' या शब्दाचा निवडणुकीतला मूळ अर्थ पाहिला तर तो विधानसभेपेक्षा कारखान्याच्या निवडणुकीलाच जास्त लागू पडतो. ते कसं, हे सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

जुन्या फ्रेंच भाषेत 'एस्तिकिए' असं एक क्रियापद होतं. अर्थ टोचणे, खोवणे, डकवणे. ते फ्रेंचांना जर्मानिक बोलींकडून मिळालेलं. इंग्रजीतलं 'स्टिक' त्याच गोतातलं. या क्रियापदापासून 'एस्तिकेत' हे नाम झालं, म्हणजे भिंतीवर किंवा वस्तूवर डकवलेली चिठ्ठी. सोळाव्या शतकात इंग्रजांनी ते उचललं, पुढचा 'एस' गाळला आणि 'टिकेट' केलं. सुरुवातीला त्याचा अर्थ एवढाच: छोटं टिपण, डकवलेली सूचना. प्रवेशाचा परवाना, भाडं भरल्याची खूण हे अर्थ नंतर चिकटत गेले.

मराठीत हा शब्द येताना पहिल्या 'ट'चा 'त' झाला आणि शेवटचा तसाच राहिला. हिंदी 'टिकट' म्हणते, आपण 'तिकीट'. मराठवाड्यात तिकिटाची ओळख मुंबई सरकारच्या नव्हे, निजामाच्या राज्यात झाली: आधी मनमाड-सिकंदराबाद रेल्वेचं तिकीट, मग त्याच रेल्वे खात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी सुरू केलेल्या बससेवेचं. तिकडे मुंबई राज्यात एसटीची पहिली गाडी धावली १ जून १९४८ला, पुणे ते अहमदनगर.

पण मुळाशी सर्वांत इमान राखलं ते आपल्या पोस्टाच्या तिकिटाने. इंग्रज त्याला 'स्टॅम्प' म्हणतो, म्हणजे त्याची नजर ठशावर. मराठी माणसाची नजर गोंदावर. पाकिटावर जे डकवायचं ते तिकीट. १८५२ साली बार्टल फ्रियरने सिंधमध्ये आशियातली पहिली टपाल तिकिटं काढली आणि १८५४ पासून ती देशभर सुरू झाली. त्या कागदाच्या चौकोनाला तिकीट म्हणणाऱ्या कुणा अनामिक मराठी माणसाला जुन्या फ्रेंचचा गंधही नसणार. तरी शब्द नेमका जागच्या जागी बसला.

त्याच फ्रेंच चिठ्ठीचं दुसरं लेकरू म्हणजे 'एटिकेट'. शिष्टाचार! फ्रेंच शब्द पुढे 'एतिकेत' असा झाला आणि राजदरबारात कोणी कुठे उभं राहायचं, कोणी आधी वाकायचं, याच्या लेखी नियमांना ते नाव पडलं. अठराव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी तोच शब्द पुन्हा एकदा उसना घेतला, या वेळी अख्खा. व्हर्सायच्या बागेत हिरवळीवर कोणी पाय देऊ नये म्हणून माळ्याने पाट्या लावल्या आणि त्या पाट्यांवरून शिष्टाचाराला एटिकेट म्हणू लागले, अशी एक गोष्ट हौसेने सांगतात. ती सांगोवांगीच समजावी. माळ्यांच्या नावावर अशा बऱ्याच गोष्टी खपतात. तिकीट आणि शिष्टाचार ही जुळी भावंडं आहेत हे मात्र खरं. तिकीटवाटपाच्या दिवशी पक्षाच्या ऑफिसबाहेर उभं राहून हे कुणाला पटवून दाखवावं.

इंग्रजीत तिकिटाचा आणखी एक धाकटा भाऊ आहे, 'टिक'. 'ऑन टिक' म्हणजे उधारीवर. सतराव्या शतकात इंग्लंडच्या आरमारात खलाशांना पगाराऐवजी तिकीट मिळायचं: इतके पैसे देणं आहे, अशी चिठ्ठी. रोख कधी हातात पडेल याचा भरवसा नसल्याने खलाशी ती चिठ्ठी कमी भावाने विकून मोकळे होत. उसाच्या बिलाची वाट पाहिलेल्या शेतकऱ्याला हा भाग समजावून सांगायला नको. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, असा नियम १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. आदेश आहे, एवढंच म्हणतो.

आता थोडं आणखी खोल जाऊ, कारण खरी मौज तिथे आहे. 'एस्तिकिए'चं मूळ ज्या जर्मानिक धातूत, त्याच्याही मागे भाषाशास्त्रज्ञांनी एक प्राचीन धातू मांडला आहे. अर्थ टोकदार असणे, टोचणे. त्याची एक शाखा युरोपात गेली, दुसरी इराणात आणि तिसरी आपल्याकडे. इराणी शाखेतून फारसीला 'तीर' मिळाला. लॅटिन शाखेतून इंग्रजी 'इन्स्टिगेट' आला, म्हणजे टोचून उठवणं, चिथावणं. प्रचारसभेतल्या भाषणांवर गुन्हे दाखल होतात ते याच टोचणीपायी. आणि संस्कृतात तो धातू 'तिज्' या रूपात नांदतो. धार लावणे, तीक्ष्ण करणे. त्यावरून तेज, त्यावरून तीक्ष्ण. तीक्ष्णचं प्राकृतात 'तिक्ख' झालं आणि मराठीत तिख, तिखट.

म्हणजे तिकीट आणि तिखट लांबचे का होईना, भाऊबंद आहेत. हे वाचून कुणी उद्या सभेत 'तिकीट हा शब्द मुळात आपल्या तिखटावरून गेला' असं ठोकून देऊ नये. एकावरून दुसरा झालेला नाही. दोघांचा मूळपुरुष एक, मधल्या हजारो वर्षांत एक घराणं ऱ्हाईनकाठी गेलं आणि दुसरं गोदाकाठी आलं. तिकीट परत भेटायला आलं ते इंग्रजाच्या गाडीत बसून. आवाजातलं आजचं साम्य हा निव्वळ योग आहे. आवाजावर विसंबायचं तर 'टिकली'लाही या कुळात घ्यावं लागेल, आणि तिचं कूळ वेगळं.

तिज् धातूचं अजून एक अपत्य सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'तितिक्षा'. सोसण्याची ताकद, सहनशीलता. धार लावणाऱ्या धातूपासून सोसण्याचा शब्द कसा निघाला याचं वैयाकरणांनाही कौतुक होतं. पाणिनीने तिज्, गुप् आणि कित् या तीन धातूंसाठी एक स्वतंत्र सूत्रच केलं आहे. तिकीट आणि तितिक्षा एकाच मुळातून यावीत, हे भाषेने जाणूनबुजून केलं असतं तर तिला विनोदी लेखिका म्हटलं असतं. वर्षानुवर्षं सतरंज्या उचलायच्या, साहेबांच्या वाढदिवसाचे फलक लावायचे, आणि ऐन वेळी तिकीट दुसऱ्या पक्षातून आयात केलेल्या पाहुण्याला जायचं. त्या कार्यकर्त्याजवळ उरते ती तितिक्षा.

त्याला उमेदवार म्हणणंही खरं तर जुन्या मराठीला धरूनच आहे. फारसी उमेद म्हणजे आशा. जो आशा धरून बसला तो उमेदवार. कचेरीत पुढेमागे नेमणूक होईल म्हणून बिनपगारी राबणाऱ्या पोराला आपल्याकडे उमेदवार म्हणत, आणि 'उमेदवारी केली' याचा अर्थ हात चालवायला शिकला असा होई. आज गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्यांना 'इच्छुक' म्हणतात आणि अर्ज भरल्यावर 'उमेदवार'. जुन्या अर्थाने पाहिलं तर उलट हवं.

असो. तिकीट निवडणुकीत शिरलं ते अमेरिकेत, अठराव्या शतकात. तिथे तिकीट म्हणजे एका गटाने उभ्या केलेल्या सगळ्या उमेदवारांची यादी. एकोणिसाव्या शतकात ही यादी म्हणजे हातात धरता येईल असा खराखुरा कागद होता. सरकार मतपत्रिका छापतच नसे. प्रत्येक पक्ष आपापली लांबट पट्टी छापून घ्यायचा: वर पक्षाचं नाव, एखादं चित्र, खाली गव्हर्नरपासून स्थानिक अधिकाऱ्यापर्यंत नावांची उतरंड. मतदान केंद्राबाहेर पक्षाची माणसं या पट्ट्या वाटायची आणि मतदार तीच पट्टी नेऊन पेटीत टाकायचा. कागदाचा रंग प्रत्येक पक्षाचा वेगळा. तेव्हा कोण कुणाची पट्टी टाकतोय हे चौकातल्या पोरालाही कळे, मग कारखान्याच्या मालकाला का कळू नये? यादीतलं एखादं नाव मतदाराच्या मनातून उतरलेलं असेल तर ते खोडून दुसरं लिहिण्याची मुभा होती. त्यासाठी गोंद लावलेल्या बारीक चिकटपट्ट्याही छापून मिळत. विरोधी उमेदवाराची माणसं त्या गुपचूप वाटत आणि मतदार नको त्या नावावर हवं ते नाव डकवी. डकवण्याचा शब्द फिरून डकवण्यावरच आला.

गुप्त मतदानाची सरकारी मतपत्रिका प्रथम ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी १८५६ साली आणली. अमेरिकेतली राज्यं १८८८ पासून एकेक करत तिकडे वळली. पट्ट्या गेल्या, शब्द राहिला. राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांच्या जोडीला तिकडे अजून 'तिकीट' म्हणतात, कारण दोन का होईना, ती यादीच आहे.

आपल्याकडे १९३७च्या प्रांतिक निवडणुकांपर्यंत 'काँग्रेसच्या तिकिटावर' हा प्रयोग रुळलेला दिसतो. त्यातला 'वर' पाहा; नाव कागदावर असतं, म्हणून 'तिकिटावर'. पण आपल्या पद्धतीत एका मतदारसंघात पक्षाचा एकच माणूस. यादी आटत आटत एका नावावर आली आणि यादीचं नाव असलेला शब्द त्या एकट्याला मिळालेली बक्षिसी होऊन बसला. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तर मतपत्रिकेवर नावच नव्हतं. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर चिन्ह, आणि मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. तिकीट सगळ्यांच्या तोंडी, आणि कागदावर मात्र एकाचंही नाव नाही!

कायद्यातही तिकीट नाही. १९५१चा लोकप्रतिनिधित्व कायदा 'राजकीय पक्षाने उभा केलेला उमेदवार' अशी भाषा करतो. प्रत्यक्षात ज्याला तिकीट म्हणावं असा कागद आहे तो एबी फॉर्म, आणि तो निघतो १९६८च्या निवडणूक चिन्ह आदेशातून. ते मुळात दोन कागद. 'ए' मध्ये पक्ष कळवतो की आमच्या वतीने उमेदवारांची नावं देण्याचा अधिकार अमक्या पदाधिकाऱ्याला आहे, आणि ही त्याच्या सहीची नमुना प्रत. 'बी' मध्ये तो पदाधिकारी उमेदवाराचं नाव लिहितो. शेजारच्या रकान्यात पर्यायी उमेदवार, म्हणजे पहिल्याचा अर्ज छाननीत बाद झाला तर उभा राहणारा. वर्तमानपत्रांना या दुसऱ्या रकान्यातल्या माणसाचं काहीच पडलेलं नसतं. तो बिचारा घरचाच असतो बहुधा, बायको नाहीतर भाऊ. सही शाईचीच लागते. रबरी शिक्का चालत नाही, फॅक्सने पाठवलेला कागद चालत नाही. आणि अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे सगळं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचलं पाहिजे. म्हणून तर २०२४च्या विधानसभेला नाशिक जिल्ह्यातल्या दोन मतदारसंघांसाठी एबी फॉर्म शेवटच्या दिवशी हवाईमार्गाने आले आणि त्याची राज्यभर चर्चा झाली. कागदानेच हवेतून प्रवास करावा आणि त्यालाच तिकीट म्हणावं!

आता पुन्हा अंकुशनगरला. कारखान्याच्या निवडणुकीत एबी फॉर्म नाही, पक्ष नाही. संचालक मंडळ बरंच मोठं असतं. ऊस उत्पादकांचे गट, संस्था मतदार, महिला राखीव, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, भटक्या जाती-जमाती असे मतदारसंघ, आणि सभासदाच्या हातात एक सोडून अनेक मतपत्रिका. अशा ठिकाणी एकेकट्याने लढून भागत नाही. म्हणून पॅनेल. शेतकरी, विकास, परिवर्तन या शब्दांची अदलाबदल करून नाव ठरतं, कपबशी किंवा छत्री असं एखादं चिन्ह मिळतं, आणि मग घरोघर नमुना मतपत्रिका जाते. नावांची उतरंड, प्रत्येक नावासमोर चिन्ह, चिन्हावर छापलेली फुली. "पॅनेल टू पॅनेल मारा" ही कार्यकर्त्याची विनवणी आणि "क्रॉस झालं" ही मतमोजणीनंतरची हळहळ. अमेरिकेतल्या त्या पट्टीशी हे ताडून पाहा. मुळाबरहुकूम तिकीट जर कुठे शाबूत असेल तर ते या नमुना मतपत्रिकेत. फक्त तिला तिकीट कोणी म्हणत नाही.

आणि 'पॅनेल' तरी काय आहे? लॅटिन 'पान्नुस' म्हणजे कापड. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'पॅनेल' म्हणजे कापडाचा तुकडा, विशेषतः घोड्याच्या खोगिराखाली घालायची गादी. पुढे इंग्लंडच्या कोर्टात पंच म्हणून बोलावलेल्या लोकांची नावं ज्या चर्मपत्राच्या तुकड्यावर लिहीत त्याला पॅनेल म्हणू लागले, मग त्या यादीला आणि मग त्या माणसांनाच. म्हणजे हाही शब्द नावं लिहिलेल्या तुकड्याचाच. तिकीट कागदाचं, पॅनेल चिंधीचं. खोगिराखालची गादी फुगवायला आपल्याकडे वाटेल त्या चिंध्या कोंबत, त्यावरून मराठीत 'खोगीरभरती' हा शब्द आला. पॅनेलमधली शेवटची चार-पाच नावं पाहून सभासद जेव्हा "ही सगळी खोगीरभरती" म्हणतो, तेव्हा तो न कळत जुनी फ्रेंच बोलत असतो. शब्दांच्या इतिहासात मला याच्याइतका चपखल योग क्वचितच सापडला आहे, आणि याच्या मागेही योगाशिवाय काही नाही.

या सगळ्या खटाटोपात आपला घरचा शब्द मात्र बाजूला बसून असतो. चिठ्ठी. जुन्या फ्रेंच 'एस्तिकेत'ला एका शब्दात मराठी करायचं तर चिठ्ठीच. इंग्रजांनी तिकीट आपल्याला दिलं आणि जाताना चिठ्ठी घेऊन गेले. तिचं त्यांच्याकडे 'चिट' झालं. ते तिथेच राहिलं असतं तर हिशेब फिटला असता. पण उसाच्या फडात हजेरी लावणाऱ्या, लागणीच्या तारखेप्रमाणे तोड आली की शेतकऱ्याला आणि गाडीवानाला चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या पोराला महाराष्ट्रात ठिकठिकाणी 'चिटबॉय' म्हणतात, कुठे 'स्लिपबॉय'. आपलीच चिठ्ठी विलायतेहून पँट घालून परत आली. हुद्दा लहान, पण हंगामात त्याचा रुबाब बघावा. ऊस वाळत चाललेला असतो, टोळी शेजारच्या गावात अडकलेली असते, आणि सभासदाला त्या क्षणी आमदार, खासदार, चेअरमन यांच्यापेक्षा या पोराचा फोन लागणं जास्त गरजेचं वाटतं.

निवडणुकीतही चिठ्ठीचं एक काम कायद्यानेच राखून ठेवलं आहे. दोघांना समसमान मतं पडली की सोडत. मराठीत तिला 'ईश्वरचिठ्ठी' असं भारदस्त नाव आहे. ग्रामपंचायतीत तर दर निवडणुकीला कुठे ना कुठे ती काढावी लागते. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना सारखीच मतं पडली. फेरमोजणीही झाली. शेवटी चिठ्ठी टाकली आणि शहा नगरसेवक झाले. दोघांकडेही आपापल्या पक्षाचं तिकीट होतंच.